सूर्यास्तापूर्वीचा रस्ता

जयसिंगपूरहून सांगलीच्या मार्केट यार्डाकडे जाणारा रस्ता अंकलीच्या पुलावरून कृष्णा ओलांडतो. अंतर जेमतेम बारा-पंधरा किलोमीटरचे. पण हळदीच्या हंगामात पोत्यांनी लादलेले ट्रक, उसाचे ट्रॅक्टर आणि शाळेच्या बसगाड्या यांतून वाट काढताना पाऊण तास सहज जातो. हा रस्ता रोज दोनदा तुडवणारे आणि वर्षातून एकदा श्रवणबेळगोळ गाठून देणारे वाहन एकच असू शकते काय?

हळदीची अडत असलेल्या एका घरात हा प्रश्न मागच्या वर्षी उभा राहिला. वडिलांनी परिग्रह-परिमाणाचे व्रत घेतलेले, आणि त्यात वाहनांची संख्या दोन : एक मोटार, एक स्कूटर. मुलाला मोटारसायकल हवी असेल तर स्कूटर जाणार होती. चुकीची निवड तिसऱ्या वाहनाच्या भरवशावर निभावून नेण्याची सोय नव्हती. नवी गाडी सौद्याच्या वेळी यार्डात गेली पाहिजे, आईला मागे बसवून मंदिरात नेता आली पाहिजे आणि मुलाच्या मनातली कर्नाटकातील बाहुबलींची यात्राही तिनेच घडवली पाहिजे. आईची अट आणखी निराळी : दिवस मावळल्यावर गाडी चालवायची नाही. रात्रीभोजनाचा त्याग घरात पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. म्हणून मुक्कामी पाचच्या आत पोहोचायचे, हे ठरले.

अ‍ॅडव्हेंचर मोटारसायकल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाड्यांची ठेवण उंच असते. पुढचे चाक 19 किंवा 21 इंचांचे, हँडल रुंद, बैठक ताठ, आणि गाडीचे पोट जमिनीपासून 200 मिलिमीटरहून वर. पावसाळ्यानंतरचे आपल्याकडचे रस्ते पाहता याला साहस म्हणावे की निकड, हा प्रश्नच आहे. मुलासमोर तीन गाड्या होत्या. हीरोची एक्सपल्स 200 सर्वांत हलकी, 160 किलोच्या आसपास, आणि कच्च्या वाटेवर सर्वांत चपळ. सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स 249 सी.सी.ची, 167 किलोंची. रॉयल एनफिल्डची नवी हिमालयन 452 सी.सी.ची, 40 अश्वशक्तीची, 196 किलोंची. मन अर्थातच तिसरीवर बसले होते. पंचविशीतल्या मनाने दुसरे काय करावे?

वडिलांनी विरोध केला नाही. त्यांनी हिशोब मांडायला सांगितला. पहिला मुक्काम हुबळीच्या पुढे वरूरच्या नवग्रह तीर्थावर, सुमारे 240 किलोमीटर. दुसऱ्या दिवशी तेथून श्रवणबेळगोळ, सुमारे 350 किलोमीटर. सकाळी सातला निघावे, जेवण, पेट्रोल व विसावा यांत दोन तास जावेत, तरी पाचपर्यंत आठ तास उरतात. तासाला सरासरी 45 किलोमीटर पुरे झाले. महामार्गावर 80-90चा वेग न दमता राखणारी गाडी असली की काम भागते. त्याहून अधिक शक्तीला या प्रवासात करण्यासारखे काही उरत नव्हते. घरच्या नियमानेच इंजिनाचे माप ठरवून दिले.

मग वजनाचा प्रश्न. यार्डात दोन ट्रकांच्या मधून गाडी मागे ओढून काढावी लागते, आणि ती चालवून नव्हे, ढकलून. तिन्ही गाड्यांवर बसून झाल्यावर मुलाने त्या उतरून ढकलूनही पाहिल्या. शोरूममध्ये हे करणारे गिऱ्हाईक विरळाच. सीटची उंची कागदावर भिववते खरी (व्ही-स्ट्रॉमची 835 मिलिमीटर), पण एक पाय पुरता टेकला की सवयीने काम होते. वजनाला मात्र सवय हा उपाय नाही. एक्सपल्स ढकलायला सर्वांत सोपी. पण महामार्गावर दिवसभर, मागे सामान बांधून, 200 सी.सी.चे इंजिन सतत ताणत राहणे त्याला पटले नाही. शिवाय तिच्या तारांच्या चाकांत ट्यूब असते. ती पंक्चर झाली की चाक उतरवून घेणारा माणूस शोधावा लागतो. व्ही-स्ट्रॉमच्या ट्यूबलेस टायरला पट्टी भरून, हवा मारून पुढे जाता येते. घाटात एकट्याने जाणाऱ्याला हा फरक मोठा वाटतो. व्ही-स्ट्रॉम घरी आली आणि स्कूटर एका मामेभावाकडे गेली.

पोशाखाने वेळ खाल्ला. चालकाचे हातमोजे, जाकीट, बूट यांत चामडे कुठे दडले असेल सांगता येत नाही. कापडी दिसणाऱ्या हातमोज्याच्या तळव्यालाही बकऱ्याचे कातडे निघते. लेबले वाचून आणि दुकानदाराला दोनदा विचारून अखेर सर्व काही कृत्रिम धाग्याचे मिळाले. चातुर्मास संपून कार्तिकी पौर्णिमा झाली आणि तो निघाला.

श्रवणबेळगोळचा 57 फुटांचा बाहुबली दहाव्या शतकाच्या अखेरीस चामुंडरायाने उभा केला. मूर्तीच्या पायाशी जुन्या मराठीतील शिलालेख आहे. सांगलीकडून गेलेला यात्रेकरू तेथे जरा अधिक रेंगाळतो, तोही रेंगाळला. पण रस्त्याची खरी परीक्षा पुढे होती. हासन, बेलूर, मुडिगेरे मागे टाकून चार्माडी घाट उतरायचा. 2019च्या पावसाळ्यात दरडी कोसळून बंद पडलेला हाच तो घाट. एका आवळ वळणावर समोरून बस आली, त्याने गाडी थांबवली, आणि टेकायला टाकलेला पाय रस्त्याच्या कडेच्या खोलगटीत गेला. गाडी हळूच, जवळजवळ सभ्यपणे, आडवी झाली. बस निघून गेली. आसपास कोणी नव्हते. त्याने इंजिन बंद केले, सामानाच्या पिशव्या सोडून बाजूला ठेवल्या, गिअर टाकला, पाठ सीटला लावून, गुडघ्यांत वाकून, पायांच्या जोराने गाडी उभी केली. दुसऱ्या प्रयत्नात जमले. आणखी तीस किलो असते तर कदाचित पुढच्या बसची वाट पाहावी लागली असती. साधूंच्या ईर्यासमितीत चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकावयाचे असते. त्या उतारावर त्याची नजर आपोआप तशीच चालू लागली.

धर्मस्थळ, वेणूर आणि कारकळ या तिन्ही ठिकाणचे बाहुबली एका दिवसात होतात. उंची अनुक्रमे 39, 35 आणि 42 फूट; कारकळची प्रतिष्ठा 1432ची, वेणूरची 1604ची, धर्मस्थळची 1982ची. एकाच मुद्रेची तीन शतकांतली तीन रूपे इतक्या जवळ पाहायला मिळणे ही या मार्गाची मोठी श्रीमंती. वाटेत मूडबिद्रीत अठरा बसद्या. तेथे घोट्यापर्यंतच्या लेसच्या बुटांनी त्याला जेरीस आणले. तिसऱ्या बसदीनंतर त्याने बाजारातून साध्या रबरी चपला घेतल्या आणि बूट गाडीला बांधले. मोटारसायकलवरून तीर्थयात्रा करणाऱ्यांसाठीच्या यादीत चपला हेल्मेटच्या लगोलग याव्यात.

कारकळहून आगुंब्याचा घाट चढून हुमचाला पद्मावतीचे दर्शन, मग हुबळीमार्गे परत. एका संध्याकाळी मात्र पाचाचे साडेसहा झाले. दिव्याच्या झोतात किड्यांचे थवे आले आणि हेल्मेटच्या काचेवर आदळू लागले. पहिले पंप दिसताच तो थांबला. आईची अट त्याला तोवर जेवणाची वाटत होती. मुक्कामाचे गाव आठच किलोमीटर होते. ते त्याने दुचाकीचा वेग चाळिसाखाली ठेवून कापले, आणि त्या रात्री पाण्यावरच झोपला.

सुमारे 1,400 किलोमीटरला 40 लिटर पेट्रोल लागले. वडिलांनी हा आकडा चोपडीत लिहून घेतला, स्कूटरच्या जुन्या सरासरीशी ताडून पाहिला आणि यार्डाच्या रोजच्या फेऱ्यांसाठी खर्च थोडा वाढेल असे नोंदवले. मग कुंथलगिरीचा रस्ता कसा आहे, याची चौकशी केली. मागची सीट दोन तासांनंतर कडक लागते, असे मुलाने प्रामाणिकपणे सांगितले. सध्या तो गादीच्या कव्हरासाठी मिरजेच्या एका शिंप्याकडे खेपा घालतो आहे.