खाचरं कोणाची

राजापूर तालुक्यातल्या आमच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर बाबा गेल्यावर आईचं, दादाचं आणि माझं नाव लागलं. आधीपासून काका, आते, चुलत भावंडं आहेतच. खातं सामायिक. मी बोरिवलीला, दादा आणि आते मुलुंडला, बाकीचे घाटकोपरला. गावात यांतलं कोणीच राहत नाही. दिवसकार्य आटोपल्यावर दादानं विषय काढला: जमीन ठेवायची कशासाठी?

त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. घराचे हप्ते, मुलीच्या कॉलेजची फी. शिवाय गिऱ्हाईक दारात होतं. नाणारच्या रिफायनरीची अधिसूचना मे 2017 मध्ये निघाली तेव्हापासून आम्हांला दलालांचे फोन येत होते. मार्च 2019 मध्ये ती रद्द झाली, पुढे बारसूचं नाव आलं, फोन थांबले नाहीत. ‘तुम्ही फक्त सगळ्यांच्या सह्या आणा.’

मी ठेवायच्या बाजूची. एक कारण व्यवहाराचं: शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. सातबाऱ्यावरून आमची नावं गेली की आमच्या मुलांना पुन्हा जमीन घेणं कठीण. पण नुसतं नाव ठेवून जमीन राहत नाही. आजोबांची गिरणी 1982 च्या संपात गेली, ते गावी परतले आणि 1990 साली सुरू झालेल्या रोजगार हमीच्या फळबाग योजनेतून त्यांनी वरकस जागेत काजू आणि हापूसची कलमं लावली. पावसानंतर गवत कापलं नाही, कडेची पट्टी साफ ठेवली नाही, तर फाल्गुनात वणवा शिरतो आणि इतक्या वर्षांची झाडं एका दुपारी जातात. बाग करारानं दिली तेव्हा घेणाऱ्यानं कल्टार घालून मोहोर लवकर आणला, खताकडे पाहिलं नाही, आणि कलमं थकली. बाबा शेवटपर्यंत त्या कलमांबद्दल हळहळत होते.

खालची भातखाचरं मात्र कधी पडीक राहिली नाहीत, कारण ती शेजारच्या वाडीतले तात्या अर्धेलीनं कसतात. आम्ही गणपतीला जातो तेव्हा आमच्या वाट्याचा तांदूळ गोणीत भरून तयार असतो. कागद काहीच नाही. पीकपाहणीत कसणाऱ्याचं नाव लागलं तर उद्या तो कूळ म्हणून उभा राहील, ही मुंबईकरांची जुनी धास्ती आमच्याही घरात होती. तिचा भार तात्यांवर पडतो. ऐन कापणीत पाऊस येऊन भात आडवं झालं की पंचनामा होतो, भरपाई मात्र सातबाऱ्यावरच्या नावांना. पीककर्जही त्यांना या खाचरांवर मिळत नाही.

विक्रीचं बोलणं चाललंय हे त्यांना सांगायला मी बिचकत होते. ते एवढंच म्हणाले, “विका ताई, पन पेरनीच्या आदी सांगा. बियान्याचं काय करायचं ते बघाया लागंल.”

मग उताऱ्यातल्या ‘इतर हक्क’ या रकान्यातल्या नोंदीबद्दल मी काकांना विचारलं: कूळकायदा कलम 43. तेव्हा कळलं, आमचे पणजोबा खोताचं कूळ होते. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करायचं विधेयक मांडलं, ते तेव्हा मंजूर झालं नाही. खोती कायद्यानं संपायला 1949 उजाडावं लागलं, आणि 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनापासून कसणारं कूळ मालक ठरलं. पणजोबांनी ठरलेली किंमत भरून 32-म चं प्रमाणपत्र मिळवलं. ते त्या चिखलात उभे होते म्हणून जमीन आमची झाली. आज तिथे तात्या उभे आहेत, आणि अर्धा वाटा घेऊन त्यांचं नाव कुठे लागू नये म्हणून जपणारे आम्ही. हे मला सहन होईना.

मी दादाला म्हटलं, बाग ठेवू या आणि खाचरं तात्यांना देऊ या. तात्यांची थोडी स्वतःची जमीन आहे, म्हणजे ते शेतकरी आहेत, त्यांना घेता येईल. खाचरांचा गट वेगळा आणि तो अख्खाच द्यायचा, त्यामुळे तुकडेबंदी आड येत नाही. कलम 43 चंही फार अडत नाही. पणजोबांच्या खरेदीला 10 वर्षं केव्हाच उलटून गेली आहेत, आणि 2014 च्या दुरुस्तीनंतर अशा जमिनीला आकाराच्या 40 पट नजराणा भरला की विक्रीची परवानगी लागत नाही.

अडलं ते किमतीवर. तात्या दलालाइतका भाव देऊ शकत नाहीत. दादा बरेच दिवस बोलला नाही, आणि त्याचा राग मला समजत होता; त्याची गरज खरी होती. शेवटी बागेच्या उत्पन्नातला माझा वाटा काही वर्षं त्यानं घ्यायचा, असं ठरलं. वणव्याआधीची सफाई आणि झाडांची खतं त्याच उत्पन्नातून आधी बाजूला काढायची, हेही लिहून घेतलं.

आतेची अट वेगळी होती. मूळपुरुषाच्या घुमटीकडे जाणारी वाट त्या खाचरांच्या बांधावरून जाते. तात्या म्हणाले, वाट कोणी अडवलेली नाही, लिहायची गरज काय? आते म्हणाली, “तू अडवणार नाहीस रे, तुझ्या नातवाचं काय?” तिचं बरोबर आहे. वकिलांना वहिवाट खरेदीखताच्या मसुद्यात घालायला सांगितली आहे. घाटकोपरच्या चुलत भावांच्या सह्या अजून बाकी आहेत, आणि मृग लागायच्या आत दस्त नोंदवून घ्यायचा आहे.