हिमालय, बंकर आणि बिघडलेला फॉर्म

एका शनिवारी ८६, पुढच्या शनिवारी १०३. सेट तोच, माणूस तोच, शूजसुद्धा तेच. हौशी गोल्फर असाल तर असे आकडे तुमच्या ओळखीचे असतील. नसाल तर एवढंच लक्षात घ्या, की गोल्फमध्ये फटके जितके कमी तितकं चांगलं. १७ फटक्यांचा फरक म्हणजे एका इनिंगला शतक ठोकणाऱ्याने पुढच्या इनिंगला भोपळा घेऊन परतावं, तसा प्रकार.

एडिनबरात बँकेच्या आयटीत असलेला माझा एक पुणेकर मित्र या दुखण्याने इतका वैतागला होता, की त्याने सेट विकायला काढला होता. "अगं, वाईट खेळतो असं कळलं तरी चालेल. पण मी नक्की कसा खेळतो तेच कळत नाही, याचा त्रास होतो," हे त्याचं म्हणणं. स्कॉटलंडमध्ये माझा एक रविवार मोकळा होता. म्हटलं, चल, सेंट अँड्र्यूजला जाऊ. सेट घरीच ठेव.

सेट घरी ठेवायला कारणही होतं. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध गोल्फ कोर्सला, म्हणजे सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सला, मोठ्या स्पर्धांचा अपवाद सोडला तर रविवारी सुट्टी असते. त्या दिवशी तिथे गोल्फर नसतात, गाव असतं. कुत्री फिरवणारे आजोबा, बाबागाडी ढकलणाऱ्या आया, १४१३ सालच्या युनिव्हर्सिटीतली हुडी घातलेली पोरं. कुंपण नाही, गेट नाही, 'मेंबर्स ओन्ली'ची पाटी नाही. पहिल्या आणि अठराव्या होलच्या फेअरवेमधून तर चक्क सार्वजनिक रस्ता जातो. आपल्याकडे गोल्फ म्हटलं की डोळ्यांपुढे उंच भिंत आणि वॉचमन येतो, त्यामुळे हे बघून आधी जरा गोंधळायलाच होतं.

कोर्स दिसायला काही खास नाही, हेही सांगून टाकते. झाडं जवळपास नाहीतच. खडबडीत गवत, उंचसखल वाळूचे उंचवटे, पलीकडे समुद्र आणि सतत वारा. जाताना तोंडावर असलेला वारा येताना पाठीवर असेल याची खात्री नाही, कारण मधल्या वेळात तो दिशा बदलू शकतो. कालच्या क्लबने मारलेला चेंडू आज वीस यार्ड आधीच पडतो. ग्रीन्ससुद्धा चमत्कारिक. चार सोडली तर बाकी सगळी जोडग्रीन्स आहेत, आणि एकाच ग्रीनवरच्या दोन होल्सच्या नंबरांची बेरीज नेहमी १८ येते. शिवाय ११२ बंकर, त्यातले कित्येक चेंडू मारण्याच्या जागेवरून दिसतच नाहीत. इथे चांगला फटकाही खड्ड्यात जातो आणि वाईट फटका उसळी खाऊन ग्रीनवर येतो.

चालत चालत आम्ही अकराव्या होलला आलो. इथल्या हिल बंकरपाशी प्रत्येक हौशी खेळाडूने दोन मिनिटं थांबावं. १९२१ च्या ओपनमध्ये बॉबी जोन्स नावाचा १९ वर्षांचा अमेरिकन मुलगा तिसऱ्या राउंडला पहिल्या नऊ होल्सना ४६ फटके घेऊन इथे पोचला होता. या बंकरमधून चेंडू काही केल्या बाहेर येईना. शेवटी त्याने होल पूर्ण न करताच चेंडू उचलला आणि स्पर्धेतून बाद झाला. या प्रसंगाचा सल त्याला पुढे कायम राहिला.

जोन्सची खरी गंमत पुढे आहे. तो शेवटपर्यंत हौशी खेळाडूच राहिला. पोटापाण्याला वकिली करायचा. १९२७ मध्ये याच कोर्सवर त्याने २८५ फटक्यांत ओपन जिंकली. १९३० मध्ये पुन्हा इथेच ब्रिटिश अमॅच्युअर जिंकली आणि त्याच वर्षी चारही मोठ्या स्पर्धा खिशात घातल्या. त्या अमॅच्युअरमध्येसुद्धा सिरिल टॉलीविरुद्धची मॅच बरोबरीत सुटून एकोणिसाव्या होलला गेली होती. एवढ्या सुवर्णवर्षातही तो एका होलच्या अंतरावरून वाचला होता! १९५८ मध्ये, आजारपणामुळे चालणंही अवघड झालेलं असताना, याच गावाने त्याला मानद नागरिकत्व दिलं. आता दहाव्या होलला त्याचं नाव आहे.

परत येताना अठराव्या ग्रीनसमोरची खोलगट जागा लागते. तिचं नावच 'व्हॅली ऑफ सिन', म्हणजे पापाची दरी. १९९५ च्या ओपनमध्ये इटलीच्या कोस्तांतिनो रोक्काला बरोबरी साधण्यासाठी इथे दोन फटके हवे होते. पहिला त्याने असा काही फसवला, की चेंडू घरंगळत या दरीत आला. शाळकरी पोरासारखी चूक. दुसरा फटका मात्र दरीतून चढून, अख्खं ग्रीन पार करून थेट होलमध्ये! रोक्का गुडघ्यांवर कोसळून जमिनीवर मुठी आपटत राहिला. नंतर प्लेऑफ जॉन डेलीने जिंकला. एकच माणूस, एकच होल, आणि लागोपाठच्या दोन फटक्यांत सगळ्यात वाईट आणि सगळ्यात भारी. आता सांगा, याचा फॉर्म चांगला म्हणायचा की वाईट?

मग बाकावर बसून आम्ही हँडिकॅपचं गणित काढलं. २०२० पासून जगभर एकच हँडिकॅप पद्धत आहे. कोर्स किती अवघड आहे हे हिशेबात धरून तुमच्या शेवटच्या २० राउंडपैकी फक्त सर्वोत्तम ८ घेतात आणि त्यांची सरासरी म्हणजे तुमचा हँडिकॅप. उरलेले १२ राउंड सरासरीत धरतच नाहीत. मित्राचा हँडिकॅप १८, म्हणजे ७२ पारच्या साधारण कोर्सवर ९० फटके. तो समजत होता, की ९० हा आपला नेहमीचा स्कोर आणि त्याहून जास्त म्हणजे फॉर्म गेला. पण ही सरासरी त्याच्या चांगल्या दिवसांची आहे. तिथवर पोचणं २० मध्ये चार-पाचदाच व्हायचं. बाकीचे दिवस त्याहून वाईट जाणार, हे पद्धतीनेच गृहीत धरलंय.

"म्हणजे मी दर शनिवारी माझ्या बेस्ट दिवसांशीच मारामारी करतोय," तो म्हणाला. अप्रेझलच्या सीझनमध्ये आपण सगळे हेच करतो, नाही का?

प्रोफेशनल्सचंही थोडंफार असंच असतं. अमेरिकेच्या पीजीए टूरवरचे खेळाडू आठ फुटांवरून साधारण अर्धेच पट्स घालतात. आठ फूट म्हणजे दोन ऑफिस डेस्क एकापुढे एक ठेवल्याएवढं अंतर. मग रविवार सकाळच्या खेळाडूने तिथून चुकल्यावर क्लब आपटायचं कारण काय?

त्या बाकावर ठरलेल्या चार गोष्टी:

- एका राउंडवरून मत बनवायचं नाही. शेवटच्या २० चे आकडे एकत्र बघायचे.
- एखादा होल सडला तर तो तिथेच सोडायचा. हँडिकॅपसाठी एका होलच्या फटक्यांना कमाल मर्यादा असते. एका होलवर दहा गेले म्हणून दिवस बुडत नाही.
- खराब राउंडनंतर दुसऱ्याच दिवशी स्विंग बदलायचा नाही.
- रेंजवरचा निम्मा वेळ शंभर यार्डांच्या आतल्या फटक्यांना द्यायचा.

खेळता येत नसलं तरी हातात क्लब घ्यायचाच असेल, तर ओल्ड कोर्सला लागूनच 'हिमालय' आहे. हो, हेच नाव! १८६७ मध्ये सुरू झालेल्या बायकांच्या पटिंग क्लबचं हे ग्रीन. बायकांनी क्लब खांद्याच्या वर नेणं तेव्हा सभ्यपणाचं मानत नसत, म्हणून त्यांच्या वाट्याला फक्त पटिंग आलं. आज थोडे पौंड भरून कुणीही खेळू शकतं. टेकाडं अशी, की चेंडू आधी लांब जातो आणि मग लाजल्यासारखा परत येतो. माझ्यासमोर सात-आठ वर्षांच्या मुलीने तिच्या बाबांना सरळ हरवलं. पुढच्याच होलला तिला सहा फटके लागले, आणि ती पोट धरून हसत होती.

कसं जाल? एडिनबराहून ट्रेनने ल्यूकर्सला उतरा (साधारण तासभर), तिथून ९९ नंबरची बस. सेंट अँड्र्यूजचं स्वतःचं स्टेशन १९६९ मध्येच बंद झालं. चालायला जायचं असेल तर रविवार गाठा. ओल्ड कोर्सवर खेळायचं असेल तर दोन दिवस आधी निघणाऱ्या लॉटरीत नाव टाका, हँडिकॅपचा अधिकृत पुरावा जवळ ठेवा. नंबर नाही लागला तरी गावात आणखी सहा सार्वजनिक कोर्स आहेत. विंडचीटर मात्र न्याच, अगदी जुलैतसुद्धा.