डोनर खिंडीचा विस्मृत नायक

कॅलिफोर्नियाच्या पूर्वेस सिएरा नेवाडा पर्वताची उत्तुंग रांग आहे. तिच्यातील सुमारे ७,००० फूट उंचीच्या एका खिंडीला आणि पायथ्याच्या सरोवराला ‘डोनर’ हे नाव आहे. १८४६ च्या हिवाळ्यात डोनर तांडा या परिसरात बर्फात अडकला. त्यातील ८७ जणांपैकी जवळजवळ निम्मे दगावले. त्या शोकांतिकेने या स्थळाला नाव दिले. परंतु दोन वर्षांपूर्वीच, याच खिंडीतून प्रथम गाड्या नेणारा तांडा एकही माणूस न गमावता पलीकडे पोहोचला होता. त्याचा नायक होता एलिशा स्टीफन्स.

१८४४ च्या मे महिन्यात सुमारे पन्नास स्त्री-पुरुष व मुले अकरा गाड्यांसह मिसुरी नदीच्या काठावरून निघाली. पेशाने लोहार आणि स्वभावाने अबोल असलेल्या स्टीफन्सला तांड्याने मतदानाने प्रमुख निवडले. वाटाड्या होता वयोवृद्ध कॅलेब ग्रीनवुड. रॉकी पर्वतापर्यंतचा मुलूख त्याच्या परिचयाचा होता. पुढील वाट त्यालाही अज्ञात होती.

हम्बोल्ट नदी वाळवंटात लुप्त होते, तेथे तांडा थबकला. तेव्हा पायूट जमातीच्या एका वृद्ध प्रमुखाने जमिनीवर रेघा ओढून पश्चिमेकडील नदीची दिशा दाखविली. स्टीफन्सने स्वतः पाहणी करून खात्री केली आणि मगच तांडा पुढे काढला. त्या प्रमुखाच्या ‘ट्रकी’ या नावाने ती नदी व तिच्या काठचे गाव आजही ओळखले जाते.

नोव्हेंबरमध्ये सरोवरापाशी बर्फ साचले. डॉ. टाउनसेंड यांनी विक्रीसाठी आणलेला रेशीम-साटीनचा माल गाड्यांत होता. तरीही सहा गाड्या तेथेच सोडून पाच गाड्याच वर नेण्याचे ठरले. वाटेत उभ्या कड्याने मार्ग अडविला. अरुंद फटीतून बैल एकेक करून वर चढविले, गाड्या रिकाम्या केल्या, सामान हातांनी वाहिले आणि साखळ्यांनी गाड्या वर ओढल्या.

मागे राहिलेल्या मालाच्या राखणीसाठी तीन तरुण थांबले. पुढे अन्न संपत आल्याने दोघे निघून गेले. सतरा वर्षांचा मोझेस शॅलेनबर्गर मात्र चालण्याची शक्ती नसल्याने झोपडीत परतला. बर्फाने वेढलेल्या त्या झोपडीत पुस्तकांच्या सोबतीने त्याने हिवाळा एकट्याने काढला. फेब्रुवारीअखेर त्याची सुटका झाली. पुढे त्याच झोपडीत डोनर तांड्यातील एका कुटुंबाने आसरा घेतला.

खिंड ओलांडल्यावरही संकटे संपली नव्हती. पलीकडे यूबा नदीकाठी स्त्रिया व मुलांना बर्फातच हिवाळा काढावा लागला. तरीही सारे सुखरूप उतरले. किंबहुना वाटेत दोन बालके जन्मल्याने तांड्याची संख्या वाढलीच.

डोनर तांडा न पारखलेल्या जवळच्या वाटेला भुलला आणि त्याला उशीर झाला. स्टीफन्सने मात्र जाणत्यांचे ऐकले, ऐकलेले पडताळले आणि वेळ येताच माल मागे ठेवून माणसे पुढे नेली. कोणत्याही पेढीच्या धन्याला हा हिशेब समजावा लागत नाही.

स्टीफन्सने पुढे सांता क्लारा खोऱ्यात शेती केली. आज आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे कूपर्टिनोतील ‘स्टीव्हन्स क्रीक’ रस्त्यावरून जा-ये करतात. त्या ओढ्याला व रस्त्याला त्याचेच नाव आहे, तेही किंचित चुकलेल्या अक्षरांत. सर्वांना सुखरूप नेणाऱ्याच्या वाट्याला एवढेच स्मारक आले.