भिंतीवरचं वर्ष

पुण्याच्या घरात मी कालनिर्णय मागच्या बाजूने वाचायचे. पुढची बाजू आईची: दुधाचे खाडे, गॅसचा नंबर, संकष्टी. मी आठवीत असताना त्यात कोर्टाच्या तारखा आल्या. त्यांना आई पेन्सिलने बारीक ठिपका करी, पाहुण्यांना कळू नये म्हणून. मला मात्र आदल्या रात्रीच पोटात गोळा यायचा. त्याहून छळायचा तो मावशी-आत्यांचा प्रश्न, "तुला कुणाकडे राहायचंय गं?" काहीही बोललं तरी कुणीतरी दुखावणार, एवढं त्या वयात पक्कं कळतं.

सिडनीतल्या केलीव्हिलच्या माझ्या स्वयंपाकघरातही कालनिर्णयच आहे. चंद्रोदयाच्या वेळा इथे कुचकामी, मे महिन्याची सुट्टी नाही, दिवाळी ऐन चौथ्या टर्ममध्ये. तरी दरवर्षी कुणीतरी भारतातून आणतंच. याच पानांवर माझाही घटस्फोट उतरला. इथल्या 1975च्या कायद्यात कुणाचा दोष सिद्ध करावा लागत नाही, बारा महिने वेगळं राहिलेलं पुरतं. मुलं अठराच्या आतली असतील तर त्यांची नीट सोय झालीय का, हे कोर्ट बघतं. आईच्या वाट्याला आलेली उणीदुणी माझ्या वाट्याला आली नाहीत. पण कायद्यातून दोष गेला म्हणून घरातून जात नाही. वयात येणारी मुलं खचतात ती बहुतेकदा आईबापांच्या न संपणाऱ्या भांडणाने, आणि मधल्या मधे निरोप्या होऊन. "बाबाला सांग, फी राहिलीय" हे वाक्य दिसायला किती निरुपद्रवी!

एक आठवडा माझ्याकडे, एक एपिंगला बाबाकडे. 2019 पासून मेट्रो आहे, लेक एकटी जाते-येते. पूर्वी ती आमचे आठवडे दोन रंगांत रंगवायची. नववीत गेल्यावर ते थांबलं. आता चौकटींत नेटबॉल, विज्ञानाची चाचणी, मैत्रिणीचा वाढदिवस. डिसेंबरच्या कोपऱ्यात किड्स हेल्पलाइनचा नंबरही दिसला, अक्षर तिचंच. पाच ते पंचविशीपर्यंत कुणीही तिथे फुकट बोलू शकतं. मी विचारलं नाही. ते तिचं बोलणं.

परवा बाबाच्या शनिवारी नेटबॉलची मॅच आणि माझ्याकडे गणपतीची आरती. माझा हात फोनकडे गेला होता, पण तिनेच आत जाऊन दार लावलं आणि त्याला फोन केला. बाहेर आल्यावर म्हणाली, "ठरलंय आमचं. तुला सगळं सांगायलाच हवं का?"

"नको. उकडीचे मोदक किती करू, तेवढं सांग."

"बाबाचे धरून कर. डब्यात नेईन."