अब्बांची मारुती

आमच्या दारात एक पांढरी मारुती आठशे उभी असते. 1998 चे मॉडेल. अब्बांनी ती 2004 साली जुनीच घेतली. त्या आधी आमच्या मोहल्ल्यात मोटार म्हणजे लग्नाची भाड्याची गाडी, नाहीतर गल्फहून सुट्टीवर आलेल्या कुणाचा तरी दोन महिन्यांचा थाट. पहिली मारुती 1983 च्या डिसेंबरात रस्त्यावर आली आणि शेवटची आठशे 2014 च्या जानेवारीत कारखान्यातून बाहेर पडली. या तीस वर्षांत आमच्यासारख्या किती घरांना तिने चार चाके दिली असतील, कुणास ठाऊक!

वाचकांनी आमच्या 'आम्ही'ला हसू नये. शाळेत आणि घरी उर्दू बोलणारा माणूस स्वतःला 'हम' म्हणतो. मराठीत लिहायला बसलो की तो 'हम' 'आम्ही' होऊन येतो. एरवी आम्ही म्हणजे एकच बाई आहोत. वय छत्तीस, शिक्षण बी.एस्सी. बी.एड., खेड तालुक्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिक्षिका.

अब्बा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. बस डेपोच्या फाटकातून आत वळली की नुसत्या आवाजावरून ते तिचे दुखणे सांगत, असे त्यांचे जुने सोबती अजून सांगतात. 2019 च्या फेब्रुवारीत त्यांना लकव्याचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि त्यांच्याबरोबर जबानही गेली. डोके शाबूत होते, समजत सगळे होते, पण शब्द ओठापर्यंत यायचा आणि तिथेच अडायचा. आठवड्यातून दोनदा व्यायामासाठी चिपळूणला न्यायचे होते. धाकटा भाऊ कुवेतला. अम्मीचे गुडघे दुखतात. राहिलो आम्ही. बी.एड.च्या वर्षी हौसेने काढलेले लायसन्स तेवढे होते.

फोनवर भाऊ म्हणाला, "आपा, ती गाडी भंगारात द्या. मी रिक्षाचे पैसे पाठवीन."

अब्बा शेजारीच बसले होते. ते काही बोलले नाहीत, बोलू शकतच नव्हते. पण डाव्या हाताने त्यांनी खिशातली चावी घट्ट धरली. ते पाहून आम्ही म्हणालो, "पावसाळा तरी जाऊ दे, मग बघू."

आणि जूनमध्येच गाडी रुसली. चावी फिरवली की नुसता 'कट' असा आवाज. पोरांनी धक्का दिला की सुरू व्हायची, पण रोज सकाळी धक्का कोण देणार? गॅरेजवाल्याला बोलावले. तो आमच्याशी नव्हे, आमच्या बारा वर्षांच्या भाच्याशी बोलला. "बॅटरी गेली." नवी बॅटरी घातली, तीन हजार गेले. दोन दिवसांनी पुन्हा 'कट'. "मग सेल्फ गेला." सेल्फ खोलून भरून आणला, आणखी पंधराशे. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच!

त्या सकाळी अब्बा पडवीत खुर्चीवर होते. तोंड वाकडे करून, घाम येईपर्यंत जोर लावून त्यांनी एक शब्द काढला, "अर्थ... अर्थ."

अम्मी रडू लागली. तिला वाटले, बुद्धीवर परिणाम झाला. आम्हालाही वाटले, जगण्याला आता काय अर्थ, असेच काही त्यांना म्हणायचे असेल. आम्ही त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणालो, "असे नका म्हणू अब्बा. अल्लाह मेहरबान आहे." अब्बांनी कपाळावर हात मारला.

दुपारी शाळेतून आणलेली एक पाटी आम्ही त्यांच्यापुढे ठेवली. डाव्या हाताने त्यांनी वेडावाकडा चौकोन काढला, त्यावर एक अधिक आणि एक उणे. उण्यापासून एक रेघ निघाली आणि दुसऱ्या मोठ्या चौकोनाला मिळाली. त्या रेघेवर त्यांनी फुली मारली. मग आमच्या डोक्यात प्रकाश पडला. अर्थ म्हणजे जगण्याचा अर्थ नव्हे, अर्थिंगची वायर! बॅटरीच्या उण्या टोकापासून इंजिनच्या अंगाला जाणारी जाड पट्टी.

भौतिकशास्त्र आम्ही मुलांना शिकवतो. वीज जाते तशी तिला परतही यावे लागते, परतीची वाट तुटली की सर्किट अपुरे, हे फळ्यावर किती वेळा काढले असेल. पण आमच्याच दारात आम्हाला ते दिसले नव्हते. खूण तर समोर होती. चावी फिरवताना हेडलाइट मंद झाली असती तर बॅटरीत जोर नाही असे समजले असते. आमची लाइट तशीच लख्ख राहत होती. म्हणजे बॅटरीत ताकद होती, वाटच अडली होती. बॅटरीचे उणे टोक एका जम्पर केबलने थेट इंजिनच्या लोखंडाला जोडले आणि चावी फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू झाली. ती पट्टी काढली तर बोल्टाखाली हिरवा-काळा गंज, आणि आतले निम्मे धागे तुटलेले. नवी पट्टी ऐंशी रुपयांना मिळाली. लोखंड पॉलिश पेपरने घासले, पट्टी आवळली, वरून व्हॅसलिन लावले. साडेचार हजारांच्या पाठोपाठ ऐंशी रुपये!

त्या रात्री बी.एड.ची वही काढून बसलो. निदानात्मक चाचणी आणि उपचारात्मक अध्यापन. उर्दूत तशखीसी जांच और तदारुकी तदरीस. परीक्षेला त्यावर आम्ही चार पाने लिहिली होती. चूक कुठे होते ते आधी शोधा, मग उपाय करा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहा. गॅरेजवाल्याने आधी उपाय केले, तशखीस राहूनच गेली. मनात आले, आम्ही वर्गात तरी वेगळे काय करतो?

पुढे अब्बा उस्ताद आणि आम्ही शागीर्द असा धडा सुरू झाला. त्यांच्याकडे पाटी, डाव्या हाताची बोटे आणि कान. आमच्याकडे एक मल्टिमीटर, प्लगपाना, पक्कड आणि फिलर गेज. बंद गाडीच्या बॅटरीवर साडेबाराच्या आसपास व्होल्ट हवेत, इंजिन चालू असताना चौदाच्या जवळपास. चालू असतानाही आकडा साडेबाराच्या वर जात नसेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा पाहायचा. बॅटरीची वायर काढताना आधी उणे काढायचे, लावताना उणे शेवटी. टोकावर पांढरी-हिरवी भुकटी साचली तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवायचे. या गोष्टी चूल पेटवण्याइतक्या सोप्या आहेत, पण कुणी बाईला सांगत नाही.

कोकणातला पाऊस तुम्हाला माहीत आहेच. जुलैत भिंती घामेजतात, कपाटातल्या चपलांना बुरशी येते, मग जुन्या गाडीच्या वायरी कशा सुटतील? एका सकाळी गाडी सुरू झाली, पण थरथरू लागली. पडवीतून ठक-ठक ऐकू आले. अब्बा खुर्चीच्या हातावर बोट आपटत होते. दोन ठोके आणि एक रिकामी जागा. पुन्हा दोन ठोके, एक रिकामी जागा. आठशेचे इंजिन तीन सिलिंडरचे. तीनपैकी एक काम करीत नाही, हे ते बोटाने सांगत होते. गॅरेजात त्याला 'मिसिंग' म्हणतात.

कोणता मुका आहे ते शोधायची रीत अशी. इंजिन चालू ठेवून, रबरी मूठ असलेल्या पकडीने एकेका प्लगची वायर क्षणभर काढायची. चालणाऱ्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन आणखी अडखळते. मुक्याची काढली तर काही फरक पडत नाही. तिसऱ्याने फरक पडला नाही. मग इंजिन बंद करून तिसरा प्लग पहिल्याच्या जागी घातला आणि पहिला तिसऱ्याच्या. तरीही तिसराच मुका. म्हणजे प्लग निर्दोष होता. वायर बदलून पाहिली, तीही निर्दोष. राहिली डिस्ट्रिब्युटरची टोपी. ती उघडली तर आत दव, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत केसासारखी काळी रेघ. ठिणगी प्लगपर्यंत न जाता त्या रेघेवरून पळत होती. कोरड्या फडक्याने पुसून त्या दिवशी चिपळूणला जाऊन आलो, दुसऱ्या दिवशी टोपी बदलली. परत आल्यावर इंजिन चालू ठेवले. अब्बांचे बोट खुर्चीवर फिरले, तीन ठोके, सारख्या अंतराने.

प्लगचा रंगही पुष्कळ सांगतो. बिस्किटाच्या रंगाचा असेल तर इंजिन खुशीत आहे. काजळीसारखा काळा असेल तर पेट्रोल जास्त, हवा कमी. चोक ओढलेला राहिला असेल, एअर फिल्टर कोंदला असेल. पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल पोचते आहे पण ठिणगी नाही. तेलकट असेल तर इंजिन थकले आहे, तिथे आमचे हात थांबतात.

कशेडी घाटाचा धडा मात्र महाग पडला असता. पोलादपूरहून लग्नाहून परतताना काटा लाल रेघेवर गेला. अब्बा शेजारी होते. आम्ही घाबरून गाडी बाजूला घेतली आणि रेडिएटरचे झाकण उघडायला धावलो. अब्बांनी खिडकीतून काठी काढून जोरात दारावर मारली. आम्ही थांबलो. तापलेले झाकण उघडले असते तर उकळते पाणी तोंडावर आले असते. तासभर बसलो, मगच पाणी भरले. पंखा फिरत नव्हता. फ्यूज ठीक होता. पंख्याच्या स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या तर पंखा भर्रकन फिरला. म्हणजे मोटर जिवंत, स्विच मेलेला. वायरी तशाच जोडून, हीटर पूर्ण सोडून, घामाघूम होत घरी आलो. हीटर इंजिनची उष्णता आत ओढून घेतो हे तेव्हा कळले. मे महिन्यात हीटर लावून घाट उतरणारे आम्हीच असू.

आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. आमची गाडी घडली तेव्हा हा विचार कुणी केला नव्हता. जुन्या रबराला ते मानवत नाही, म्हणून पेट्रोलच्या नळ्यांवर चिरा दिसतात का ते आम्ही वरचेवर पाहतो. पेट्रोलचा वास आला तर चावीला हात लावत नाही. ब्रेक आणि टायमिंग बेल्ट मात्र जाणकार माणसाच्याच हाती देतो. तो गॅरेजवाला आता भाच्याशी नव्हे, आमच्याशी बोलतो. "आपा, तुमची तशखीस काय?" असे विचारतो, थोडे चेष्टेने, थोडे खरे.

आता आमच्या एका गुन्ह्याची गोष्ट. चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. दर्यावर्दी माणसाची लेक, वर्गात कधी तोंड उघडत नसे. इबारती सवाल, म्हणजे शाब्दिक उदाहरणे, सगळी चूक. तिच्या प्रगतिपुस्तकावर आम्ही 'कमजोर' असे लिहिले होते, दोन वेळा. डिस्ट्रिब्युटरची टोपी बदलली त्या आठवड्यात तिची वही तपासताना हात थांबला. आम्ही प्लगच बदलत होतो का? दुसऱ्या दिवशी तिला जवळ बसवले. नुसते आकडे दिले, गुणाकार बरोबर, भागाकारही बरोबर. तेच उदाहरण उर्दूत वाचून दाखवले, गप्प. मग तेच घरच्या कोकणीत सांगितले, तिच्या आजीच्या तोंडच्या शब्दांत, मासळीच्या टोपल्या आणि पाट्या घालून. आमचे वाक्य संपायच्या आत तिने उत्तर सांगितले.

मुलीचे डोके लख्ख होते, हेडलाइटसारखे. वाट अडली होती. आपल्या कोकणातली किती मुले घरी कोकणी बोलतात आणि शाळेत उर्दू आपली मादरी जबान आहे असे ऐकतात! आम्हाला उर्दू प्यारी आहे, तिच्यावर आमची भाकरी आहे. पण मूल ज्या बोलीत विचार करते तिथून उर्दूपर्यंत एक वायर कुणीतरी जोडावी लागते, आणि ते काम शिक्षकाचे आहे. आम्ही ते केले नव्हते आणि दोष मुलीच्या नावावर लिहिला होता. तो शेरा खोडता येत नाही. पुढच्या पुस्तकावर दुसरा लिहिला, आणि तिच्या आईला बोलावून झालेली चूक सांगितली. आई म्हणाली, "टीचर, ती घरी लय बोलते." हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते, कारण आम्ही विचारलेच नव्हते.

गाडीचे कागद 2023 मध्ये पुन्हा पाच वर्षांसाठी नवे झाले. भाऊ सुट्टीवर आला तेव्हा म्हणाला, "आपा, हिच्यावर घातलेल्या पैशांत दुसरी आली असती." हिशेब दाखवला तर तेवढे निघाले नाहीत. तरी पुढच्या वेळी ती टिकेल की नाही, सांगता येत नाही. पत्रा खालून गंजत चालला आहे. अब्बांची जबान थोडी परतली आहे. दहा-बारा शब्द येतात, त्यात अम्मीचे नाव आहे, पाणी आहे आणि 'अर्थ' आहे. पाहुण्यांना अजून वाटते, बुजुर्ग माणूस काही खोल बोलतो आहे.

सकाळी सव्वासहाला आम्ही चावी फिरवतो. अब्बा चहाचा कप खाली ठेवतात आणि बोट खुर्चीच्या हातावर ठेवतात. तीन ठोके सारखे पडले की मान हलवून आम्हाला शाळेत जायची इजाजत देतात. एखादा चुकला तर बोट थांबते. मग आम्ही दप्तर खाली ठेवतो आणि बॉनेट उघडतो.