फक्त शेवटच्या कॉलमवर सर्च

ऑफिसात माझ्याच नावाचा अजून एक जण आहे. त्याचे मेल मला येतात, आणि माझी रजा एकदा त्याच्या नावावर मंजूर झाली होती. चिडचिड होते, दोघं हसतो, विषय संपतो. पण अशाच गोंधळात रोममधे एक माणूस जिवानिशी गेला, हे वाचल्यापासून हसू जरा कमी झालंय.

इसवीसनपूर्व ४४, मार्च. ज्युलियस सीझरचा खून झाला. लुसियस कॉर्नेलियस सिन्ना नावाचा प्रीटर (मोठा सरकारी अधिकारी म्हणा) सीझरविरुद्ध जाहीरपणे बोलला. गंमत म्हणजे हा सीझरचा मेहुणा, त्याच्या कॉर्नेलियाचा भाऊ! लोक अर्थातच खवळले.

दुसरा सिन्ना, गायस हेल्वियस. हा कवी, कॅटलसचा दोस्त. 'झ्मिर्ना' नावाच्या एका कवितेवर नऊ वर्षं घासत बसलेला प्राणी. (आमची रिलीज नऊ दिवस लांबली तर काय होतं ते विचारू नका!) आणि हा चक्क सीझरचा मित्र. प्लुटार्क सांगतो की आदल्या रात्री त्याला स्वप्न पडलं. सीझर जेवायला बोलावतोय, हा नको म्हणतोय, तरी सीझर हात धरून ओढून नेतोय. सकाळी अंगात ताप होता. तरी मित्राला निरोप द्यायला हवा म्हणून बाहेर पडला.

गर्दीत कुणीतरी विचारलं, हा कोण? कुणीतरी सांगितलं, सिन्ना. बस्स. गायस की लुसियस, हेल्वियस की कॉर्नेलियस, कुणी पाहिलंच नाही. तीन कॉलमचं नाव, आणि सर्च फक्त शेवटच्या कॉलमवर. त्याला तिथल्या तिथे मारलं आणि, स्युटोनियस लिहितो, डोकं भाल्यावर लावून मिरवलं.

शेक्सपियरनं हा प्रसंग नाटकात घेतलाय. तिथे तो ओरडून सांगतो की मी कवी आहे, तर लोक म्हणतात मग वाईट कवितांसाठी मारा. वाचताना हसू येतं आणि मग स्वतःचीच लाज वाटते.

त्या नऊ वर्षांच्या कवितेतल्या आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या ओळी उरल्यात.

हे सगळं पाहून गायस कास्का नावाच्या ट्रिब्यूनची पाचावर धारण बसली, कारण सीझरवर वार करणाऱ्यांत एक पब्लियस कास्का होता. त्यानं ताबडतोब जाहीर निवेदन काढलं: आमचं नाव तेवढं सारखं, विचार नाही. म्हणजे ऑल-एम्प्लॉयी मेलच की हो!

मीही सोमवारी सिग्नेचरमधे वडलांचं नाव टाकलं.