झडती

कैद्याच्या अंगाची घेतात ती झडती. जुन्या दप्तरांत हिशेबाच्या कागदालाही झडतीच म्हणत. ही दुसऱ्या अर्थाची.

१७९१ ते १८६८ या काळात आयर्लंडमधून सुमारे ४०,००० माणसं ऑस्ट्रेलियातल्या काळ्या पाण्यावर गेली. कितीतरी जण विशीतले, काही त्याहून लहान. बहुतेकांचे गुन्हे चोरीचे, लुटीचे, वाटमारीचे. त्यांच्या मागे काय गेलं, काय राहिलं, ते असं.

मुदत. 'क्वीन' हे आयर्लंडहून थेट गेलेलं पहिलं कैदी जहाज. एप्रिल १७९१मध्ये कॉर्कहून निघालं, सप्टेंबरमध्ये सिडनीला लागलं. त्यात डब्लिनचा ११ वर्षांचा एक पोरगा होता. कुणाला ७ वर्षांची सजा, कुणाला १४, कुणाला जन्मठेप. पण सजेचे कागद जहाजाबरोबर आलेच नाहीत. ते पोचायला कैक वर्षं लागली. तोवर 'माझी ७ वर्षं भरली' म्हणणाऱ्याकडे दाखवायला स्वतःच्या शब्दापलीकडे काही नव्हतं.

बोली. पश्चिमेकडच्या खेड्यांतली पोरं घरी आयरिश बोलत. खटला चाले इंग्रजीत, मधे दुभाषा. वसाहतीत दोघं आयरिशमध्ये बोलू लागले की पहारेकऱ्यांना कट शिजतोय असं वाटे. तिथं जन्मलेली मुलं इंग्रजीत वाढली. आईबापांची बोली आईबापांबरोबर पुरली गेली.

सदरा. सिडनीची हाइड पार्क बराक १८१९ची. कैदी टांगलेल्या झोळ्यांत झोपत. लाकडी जमिनीखाली उंदरांनी बिळांसाठी ओढून नेलेल्या चिंध्या पुढं सापडल्या, त्यांत पट्ट्यापट्ट्यांचा एक सदराही. कुणाचा, ते माहीत नाही. बाकीचे कपडे अंगावरच विरले.

थडगी. कॉर्कच्या खाडीत स्पाइक बेट आहे. १८४७मध्ये, बटाट्याच्या दुष्काळात, तिथं हद्दपारीच्या कैद्यांसाठी तुरुंग उघडला. ती वर्षं अशी, की मेंढरू पळवून खाणाराही आरोपीच्या पिंजऱ्यातून थेट जहाजाच्या वाटेला लागे. कोवळी मुलंही त्या तुरुंगात होती. पुष्कळांना जहाज दिसायच्या आत मरण आलं. बहुतेक थडग्यांवर नाव नाही.

नावं. ज्या बंदरातून जहाजं सुटत ते कोव्ह. १८४९मध्ये व्हिक्टोरिया राणी येऊन गेली आणि त्याचं क्वीन्सटाउन झालं. स्वातंत्र्यलढ्याच्या काळात ते पुन्हा कोव्ह झालं, आयरिश धाटणीच्या अक्षरांनी. पलीकडच्या टोकाला व्हॅन डीमेन्स लँड. तिथं कैदी नेणं १८५३मध्ये थांबलं, आणि १८५६पासून ते बेट टास्मानिया झालं. जुनं नाव घेतलं की बेड्या आठवत, ते लोकांना नको होतं.

आजोबा. घराण्यातला पहिला माणूस कैदी म्हणून आला, हे पुढच्या पिढ्यांनी झाकलं. मुलांना एवढंच सांगायचं, की आजोबा जहाजानं आले. कशासाठी, कुठल्या गावाहून, हे विचारायचं नाही. आज खापरपणतू अभिमानानं शोधायला निघतात. सांगू शकणारे गप्प राहूनच गेले.

वही. ३० जून १९२२. डब्लिनमध्ये यादवी युद्ध पेटलेलं. फोर कोर्ट्सच्या आवारातला सरकारी दप्तरखाना त्या दिवशी जळाला. १८३६पूर्वीच्या हद्दपारीच्या नोंदवह्या गेल्या.

अर्ज. दयेचे अर्ज मात्र वेगळ्या कचेरीत, डब्लिनच्या किल्ल्यात ठेवलेले होते. म्हणून ते वाचले. व्हाइसरॉयला उद्देशून, मायबाप सरकार या भावनेनं लिहिलेले. अर्जदार कैदी, त्यांच्या आया, बायका, शेजारी. पोर अजाण आहे, घरात हातभार लावणारं दुसरं कुणी नाही, त्याला दूर नेऊ नका. अक्षरओळख नसलेल्यांसाठी मजकूर दुसऱ्यानं लिहिला, सहीच्या जागी त्यांनी फुली मारली.

शिक्षा सुनावल्याची वही राहिली नाही. ती कुणाला झाली होती, हे कित्येकदा आज त्या फुलीमुळेच कळतं.